खोऱ्याची साद : एका तबकडीतील दिवस

‘कॉल ऑफ द व्हॅली’ या नावाची एक लाँगप्ले तबकडी १९६७ साली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने काढली. नावाचा अर्थ सरळ आहे : खोऱ्याची साद. तीत गाणे नाही, शब्द नाहीत. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि साथीला माणिकराव पोपटकरांचा तबला, एवढाच संच. काश्मिरातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांच्या मार्गाने सांगावयाचा, ही कल्पना. या तिघांच्या संचाची तबकडी म्हणून जगाने ओळखली ती ही एकच. पुढे तिघेही थोर झाले, तिघांच्या स्वतंत्र तबकड्या पुष्कळ निघाल्या. पण संच म्हणून जे सांगावयाचे होते ते त्यांनी सुमारे चाळीस मिनिटांत एकदाच सांगितले.

विंझरसारख्या ठिकाणी या विषयावर बोलण्यास आम्हांला संकोच वाटत नाही, उलट हीच जागा योग्य वाटते. खोरे म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे याच मुलखाची. तोरणा आणि राजगड यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला सकाळ डोंगरावर आधी येते आणि खाली मागाहून उतरते, हे ठाऊक असते. शहरातील श्रोत्याला ही गोष्ट तबकडीच्या वेष्टनावरील चित्र पाहून कल्पावी लागते.

प्रथम या प्रयोगामागील माणसाविषयी. कल्पना आणि निर्मिती होती जी. एन. जोशी यांची. मराठी माणसाला हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी गाऊन तबकडीवर आणली आणि मराठी भावगीताच्या युगाला आरंभ झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे ते ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या याच कंपनीत अधिकारी म्हणून राहिले आणि गायक-वादकांना ध्वनिक्षेपकापुढे आणून बसविण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. रानात घुमणाऱ्या शिळेने ज्याची कारकीर्द सुरू झाली, त्यानेच तीन दशकांनंतर मेंढपाळाच्या सादेची तबकडी काढावी, यात योगायोगाचा भाग असेल. पण आम्हांला तो सारा योगायोग वाटत नाही. भावगीत म्हणजे तरी काय? एका छोट्या प्रसंगाला साजेशी चाल, आणि ती तीन मिनिटांत संपविण्याची शिस्त. तबकडी हे कोणते माध्यम आहे, ते काय देते आणि काय घेते, हे जोशींना गायक म्हणूनही ठाऊक होते आणि निर्माता म्हणूनही.

हे देणेघेणे नीट समजल्याशिवाय पुढचा विषय कळणार नाही. जुनी लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे वाजे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी, केसरबाई केरकरांनी एवढ्याच वेळात राग मांडले. ती मांडणी किती घट्ट होती याचा पुरावा असा की १९७७ साली व्हॉयेजर ही अमेरिकन याने अवकाशात गेली तेव्हा त्यांच्यावरील तबकडीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी होती. तथापि ती मैफलीची सारकाढ होती, मैफल नव्हे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहेतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी लांब तबकडी आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आपल्याकडील बहुतेकांनी या सवडीचा उपयोग साहजिकच एक राग निवांतपणे गाण्या-वाजविण्यासाठी केला. १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांची जी तबकडी अमेरिकेत निघाली, तिचे नावच सकाळ-संध्याकाळचे राग असे होते : एका बाजूस एक राग, दुसऱ्या बाजूस दुसरा. काबरा हे याच अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य.

जोशींनी केले ते वेगळे. त्यांनी वाढलेला वेळ एका रागाला दिला नाही, एका दिवसाला दिला. आता, रागांना वेळ असतात हे आपल्याकडे नवे नाही. सकाळचा राग सायंकाळी गायचा नाही हा दंडक इतका जुना आहे की त्यामागील कारण विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. पण या दंडकामुळेच मैफलीत एक अडचण होते. संध्याकाळी सुरू झालेल्या मैफलीला सकाळचा राग पाहिजे असेल तर पहाट होईपर्यंत बसावे लागते. सबंध दिवस एका बैठकीत कोणालाच ऐकता येत नाही. तबकडीला मात्र घड्याळ नाही. जे मैफलीत नियमाने अशक्य, तेच नियम न मोडता तबकडीवर शक्य होते, ही गोष्ट जोशींनी हेरली. आमच्या मते या प्रयोगातील खरी बुद्धी येथे आहे. वाद्यांचे नावीन्य त्यानंतरचे.

परंतु ती वाद्येही पाहण्यासारखी आहेत, कारण त्या काळी तिन्ही वाद्ये रागसंगीताच्या दारात उभी होती आणि पूर्णपणे आत आलेले एकच होते. बासरीला पन्नालाल घोष यांनी मैफलीत आणले. त्यांनी लांब बांबूची, भरदार आवाजाची बासरी घडविली आणि १९६० साली ते वारले. गिटार परदेशी. संतूर काश्मिरातील सूफियाना संगीतातले. शिवकुमारांनी १९५५ साली मुंबईत प्रथम जाहीरपणे वाजविले तेव्हा जाणकारांनी शंका काढली की या वाद्यावर राग वाजतो तरी कसा.

ती शंका खोडसाळ नव्हती. संतूरला अक्रोडाच्या लाकडाची चौकट आणि तीवर शंभराच्या आसपास तारा. वादक दोन हलक्या काठ्यांनी, ज्यांना ‘कलम’ म्हणतात, त्या तारांवर आघात करतो. प्रत्येक तार एका सुराला बांधलेली. सूर निघतो तो स्वच्छ, दवासारखा. पण निघताच विरू लागतो, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते होत नाही. मींडेशिवाय दरबारी कसा उभा राहील? शिवकुमारांनी वाद्य तिवईवरून काढून मांडीवर घेतले, तारांची रचना बदलली, आणि कलम तारेवर हलकेच नाचवीत नेऊन सुराला लांबी देण्याची युक्ती शोधली. तरीही मूळ मर्यादा राहिलीच.

गिटारचे नेमके उलट. काबरांची गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हे; ती हवाई बेटांच्या पद्धतीप्रमाणे आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी तुकडा तारेवरून सरकवीत वाजवायची. विचित्रवीणेवर काचेचा गोळा सरकवितात, तत्त्व तेच. म्हणजे मींड हाच या वाद्याचा स्वभाव. पण हा स्वभाव फार गोड. आवरला नाही तर प्रत्येक सूर ओशाळवाणा होऊन लोंबू लागतो. चित्रपटांच्या गाण्यांत या वाद्याचा जो वापर होई त्यात हा दोष कानांना जाणवतो. काबरांनी सरोदच्या तालमीत शिकून हा गोडवा काबूत आणला.

आणि बासरी. तिला मींडही आहे आणि सलग सूरही. श्वास आहे तोवर सूर आहे. तिला नाही ती आघाताची धार.

एकाचा सूर टिपकतो, एकाचा घसरतो, एकाचा वाहतो. तिघांना एकत्र बसविल्यावर एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात मोठा प्रश्न आवाजाच्या मापाचा होता. खुल्या बैठकीत भरदार बासरीपुढे संतूरचे बारीक काम बुडून जाण्याचा धोका असतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र प्रत्येक वाद्य ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर बसवावे हे ठरविता येते आणि कुजबुज व हाक यांना एकाच पातळीवर आणता येते. म्हणून हा संच मैफलीतून तबकडीवर आला नाही. तो तबकडीसाठीच जन्मला. अशा वाद्यमेळाची आम्हां मराठी लोकांना मुळीच अडचण वाटू नये. ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद ठेवले, तिच्यावर गोविंदराव टेंब्यांनी नाव मिळविले, आणि बालगंधर्वांच्या गाण्याला परदेशी ऑर्गनची साथ आपण डोळे मिटून ऐकली!

आता दिवसाकडे वळू. आरंभ अहीर भैरवाने होतो. ‘अहीर’ म्हणजे आभीर, गवळी-गोपाळ. गुरे राखणाऱ्यांच्या नावाचा राग पहाटेला घेणे हे औचित्य लहान नाही. त्याला जोडून येतो नट भैरव. या जोडीचे मर्म वाद्ये न वाजविणाऱ्यालाही कळण्यासारखे आहे. अहीर भैरवात रिषभ व निषाद कोमल आणि धैवत शुद्ध; नट भैरवात नेमके उलट, रिषभ व निषाद शुद्ध आणि धैवत कोमल. उरलेले चार सूर जागचे हलत नाहीत. म्हणजे घर तेच, उंबरा तोच, फक्त आतला उजेड बदलला. पहाटेची सकाळ होते ती याहून निराळी कशी होते? डोंगर जागेवर असतो, झाड जागेवर असते, आणि तरी सारे वेगळे दिसू लागते. तबकडीतील सर्वांत लांब भाग हाच आहे, बारा मिनिटांच्या पुढे जाणारा, आणि आम्हांला तोच सर्वश्रेष्ठ वाटतो. येथे तिघांनाही घाई नाही.

त्यानंतर पिलू. हा राग दिवस कलल्यानंतरचा, हळवा, बाराही सुरांना आपल्या घरात येऊ देणारा. ठुमरीत आणि नाट्यपदांत आपण त्याला चांगले ओळखतो. पिलूबरोबर पहिली बाजू संपते. मग ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटी करावयाची. दुसऱ्या बाजूस भूप, देस आणि पहाडी, म्हणजे दिवेलागण, रात्र, आणि शेवटी डोंगराची धून. सूर्य पहिल्या बाजूवर मावळतो आणि तबकडी उलटण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात सांज होते! पुढे या ध्वनिमुद्रणाची सीडी निघाली तेव्हा ही उलटण्याची क्रिया गेली, आणि वर आणखी काही वादने शेवटास जोडली गेली. वादने चांगली असतील. पण रात्र झाल्यावर पुन्हा काही सुरू होते तेव्हा मेंढपाळाला झोपू का देत नाहीत असे वाटते.

दुसऱ्या बाजूच्या मांडणीतही एक चतुराई आहे. भूप पाच सुरांचा : षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत. पहाडीचा सांगाडाही बहुतांशी याच पाच सुरांचा. पण भूप हा शास्त्राने धुऊन-पुसून उभा केलेला राग, आणि पहाडी ही अंगणातील धून, जिच्यात वाटेल तेव्हा दुसरा सूर येऊन डोकावतो. देवळापासून निघून देसवरून घराच्या ओट्यावर यावे, तशी ही उतरण आहे.

या दिवसाला एक खळगा मात्र आहे आणि तो सांगितला पाहिजे. नट भैरव सकाळचा, पिलू दिवस कलल्यानंतरचा. मग दुपार कोठे आहे? आपल्या संगीतात दुपार रिकामी नाही. सारंगाचे सबंध कुटुंब दुपारसाठीच आहे. ज्या तबकडीने दिवस सांगण्याचे पत्करले तिने माध्यान्ह गाळावी, हे आम्हांला खटकते. सहा रागांच्या जोडणीत सकाळ भरघोस आहे, सांजेपासून रात्रीपर्यंतचा काळ तर तीन रागांचा आहे, आणि मध्ये ऊनच नाही. चैत्र-वैशाखात विंझरच्या माळावर ज्याने जनावरे राखली आहेत तो सांगेल की राखणदाराचा दिवस म्हणजे मुख्यतः दुपार. सावली शोधावयाची, पाणी शोधावयाचे, एखादे कोकरू मागे राहिले तर माघारी जावयाचे. सकाळ-संध्याकाळ सुंदर असतात ही गोष्ट बघणाराला दिसते. राखणाराला वेळ दुपारचा मोजावा लागतो.

यामागे कारण आहे असे आम्हांला वाटते. १९६४ आणि १९६५ साली ‘काश्मीर की कली’, ‘जब जब फूल खिले’ हे चित्रपट आले होते आणि मुंबईच्या डोळ्यांपुढे काश्मीर म्हणजे सरोवर, शिकारा आणि प्रेम असे चित्र पक्के झाले होते. तबकडीतील खोरेही काही अंशी त्या काश्मीरचे आहे. खऱ्या काश्मिरातील गुज्जर-बकरवालांना हिवाळ्यात कळप घेऊन खाली उतरावे लागते आणि उन्हाळ्यात पुन्हा बर्फाच्या कडेपर्यंत चढावे लागते. आपल्याकडे देशावरचे धनगर पावसाळा संपला की मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस यावयाच्या आत परततात. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी-धनगर तर मेंढ्या नव्हे, म्हशी पाळतात. त्यांची साद बासरीत मावत नाही. तिला गजीचा ढोल लागतो, रात्रभर चालणारी ओवी लागते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ढोलाला जागा नाही. ही तक्रार नव्हे. रागसंगीताने मेंढपाळाचे काम उसने घेतले नाही, त्याची वेळ उसनी घेतली. एवढेच श्रोत्याने लक्षात ठेवावे, म्हणजे नावावरून भलती अपेक्षा होणार नाही.

जुन्या बैठकीच्या रसिकांचा आक्षेप याहून निराळा आहे आणि आम्ही तो गंभीरपणे घेतो. त्यांचे म्हणणे असे की सहा-सात मिनिटांत भूप होत नाही. राग ही गोष्ट सांगून संपवावयाची वस्तू नव्हे; तीत राहावयाचे असते. येथे विलंबित बढत नाही, एकेका सुराची आराधना नाही. राग हे पडदे झाले आणि त्यांच्यापुढे कथा चालली. हे चित्रपटाचे पार्श्वसंगीत झाले. यातील शेवटच्या वाक्यात थोडे तथ्य आहे, कारण या कलावंतांना चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा अनुभव होता. व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’तच शिवकुमारांचे संतूर वाजले होते. क्षणात वातावरण उभे करणे आणि ठरलेल्या क्षणी थांबणे ही त्या कामाची शिस्त येथे उपयोगी पडली.

पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. तिशीच्या उंबरठ्यावरील तीन महत्त्वाकांक्षी वादक, ज्यांना आपापले वाद्य सिद्ध करावयाचे होते, त्यांनी येथे आपला विस्तार मुद्दाम आवरला. संतूरवर राग वाजतो हे दाखविण्याची शिवकुमारांना केवढी निकड असेल! तरी बासरी येते तेव्हा संतूर मागे सरते. जुगलबंदीत दोघे एकमेकांस आव्हान देतात. येथे आव्हान नाही, वाट मोकळी करून देणे आहे. माणिकरावांचा तबलाही असाच. पहिल्या भागात तो किती उशिरा येतो आणि आल्यावर किती कमी बोलतो, ते मुद्दाम ऐकावे. वेष्टनावर तिघांची नावे मोठी, चौथ्याचे लहान; वादनात मात्र हा लहानपणा दिसत नाही, ठायीठायी तोल त्याच्याच हातात आहे. राग तोकडा झाला हे खरे. पण त्या बदल्यात जी वस्तू मिळाली ती रागाची नक्कल नव्हे, चार जणांनी एकमेकांचे ऐकत काढलेला दिवस आहे; आणि तशी वस्तू आपल्या एकल वादनाच्या परंपरेत फार नव्हती.

मग पुन्हा का नाही? तबकडी देशात आणि पाश्चात्त्य देशांत मोठ्या आवडीने ऐकली गेली. दुसरा भाग काढण्यास व्यापाराच्या दृष्टीने कोणाची हरकत नसावी. कारण आम्हांला रचनेतच दिसते. दिवस एकदाच सांगता येतो. दुसऱ्यांदा सांगितला तर एक तर तोच दिवस होतो, किंवा मेंढपाळाच्या जागी कोळी, शेतकरी असे कोणीतरी बसवावे लागते आणि कल्पनेचा साचा होतो. दुसरे असे की तिघांच्या वाद्यांना आता सबंध मैफल मिळू लागली. संतूर एकट्याने तीन तास बसू शकते हे शिवकुमारांनी दाखवून दिले. हरिप्रसाद अन्नपूर्णादेवींकडे शिकून आणखी खोल गेले. दोघांनी ‘शिव-हरी’ या नावाने १९८१ सालच्या ‘सिलसिला’पासून चित्रपटांना संगीत दिले, आणि पुढे ‘द व्हॅली रिकॉल्स’ या नावाने खोऱ्याची आठवणही काढली. पण तेथे गिटार नव्हती. काबरा अहमदाबादेस राहिले. त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे आडवी गिटार आपल्या संगीतात स्थिरावली, आणि विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले तेव्हा ती जगभर गाजली. काबरा २०१८ साली वारले, शिवकुमार २०२२ साली.

ज्यांना ही तबकडी अद्याप ऐकावयाची आहे त्यांना एक सुचवितो. आता ती फोनवरही मिळते आणि एकदम सगळी वाजते. तसे करू नये. नट भैरव संपेपर्यंतचा भाग एखाद्या दिवशी उजाडण्यापूर्वी ऐकावा, खिडकी उघडी ठेवून. पिलू दिवस कलल्यावर ऐकावा. उरलेले दिवे लागल्यावर. आणि दोहोंमध्ये, बारा-एकच्या सुमारास, ज्याला खळगा भरून काढावासा वाटेल त्याने वृंदावनी सारंगाचे कोणाचेही चांगले वादन लावावे. नाही तर तोरण्याकडे तोंड करून झाडाखाली बसावे आणि कोणाची जनावरे कोठवर गेली आहेत ते पाहावे.